हातात धरायच्या वस्तू

सकाळी सहा

रवा तुपावर भाजून डब्यात भरला. आमच्या सध्याच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आजोबा शिरा खातात. दोन घास शांतपणे, तिसऱ्याला बोलायला लागतात आणि चौथा चमच्यातच राहतो. आजोबांचं काम करणाऱ्या काकांना मधुमेह आहे, तेव्हा शिरा बिनसाखरेचा. काजू-बेदाणे घालत नाही. बोलता बोलता काजूचा कण घशात गेला की पुढचं वाक्य गेलंच. पाणी जरा जास्त, म्हणजे न चावता उतरतो. आणि किंचित केशरी रंग, कारण पांढऱ्या बशीतला पांढरा शिरा मागच्या रांगांना दिसतच नाही. शिजवायचं संध्याकाळी, थिएटरच्या कॅन्टीनमध्ये. नटाला शिळं द्यायचं नाही, हा माझा नियम आहे.

मी प्रॉपर्टीचं काम करतो, नाटकाचं कायम आणि सिनेमाचं अधूनमधून. नेपथ्यकार घर उभं करतो, कपडेपट माणसांना कपडे देतो; त्या घरात त्या माणसांनी जे जे हातात घ्यायचं ते माझं. हद्दी ठरलेल्या असतात. नाकावर येणारा चष्मा कपडेपटाचा, टेबलावर ठेवलेला चष्मा प्रॉपर्टीचा. छत्री, काठी, पत्र, किल्ल्या, कप, औषधाची बाटली, वर्तमानपत्र, भाजीची पिशवी आणि पिशवीतली भाजी.

आज शनिवार. रात्री आठला दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग, उद्या दुपारी पुण्यात बालगंधर्वला. दिवसभर मात्र सिनेमाचं काम आहे. सोमवारी शूटिंग सुरू होतंय आणि सेटवरचं स्वयंपाकघर अजून अर्धं रिकामं आहे. दोन याद्या, दोन वह्या. नाटकाची वही निळी, सिनेमाची लाल. एका वहीत दोन्ही लिहिणाऱ्याची कधी ना कधी गफलत होतेच.

सकाळी आठ

गोरेगावचं गोडाउन. सिनेमातली गोष्ट १९७५ सालची, गिरगावातल्या चाळीत घडणारी. कलादिग्दर्शक ताई आधीच येऊन बसल्या होत्या, समोर जुन्या फोटोंचा ढीग.

“भिंतीवर कालनिर्णय लावलं तर चालेल ना?”

“चालेल ताई. ते त्र्याहत्तरला निघालं. गोष्ट एकाहत्तरची असती तर लावू नका म्हटलं असतं.”

सिनेमाच्या प्रॉपर्टीत असल्या तारखा डोक्यात ठेवाव्या लागतात. फडताळावरच्या पाकिटावर पिनकोड हवा, कारण तो १५ ऑगस्ट १९७२ला आला. तेच पाकीट १९७० सालचं दाखवायचं असेल तर पिनकोड नको. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, म्हणजे पंचाहत्तरच्या चाळीत एखादा टीव्ही असू शकतो, पण घरोघर नाही. वाण्याच्या पाटीवर भाव लिहिताना ‘रु.’ लिहायचं, रुपयाचं आजचं चिन्ह २०१०मध्ये आलं, आणि रंगारी मुलगा सवयीनं तेच काढतो. दाराशी आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या हव्यात, प्लास्टिकची पिशवी नको. हे सगळं कॅमेऱ्यासाठी. कॅमेरा वाचतो, आणि आताचा प्रेक्षक फोनवर चित्र थांबवून वाचतो.

खऱ्यासारखं दिसावं ही ओढ आपल्या सिनेमाला पहिल्यापासून आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात केलेल्या ‘सैरंध्री’त, १९२० साली, कीचकाचा वध इतका खरा वाटला की सेन्सॉरने ते दृश्य कापायला लावलं. पडद्यावर आवाज नव्हता, रंग नव्हता, तरी माणसं हादरली. त्यासाठी वस्तू करणाऱ्या हातांची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मग पेटी उघडली. या सिनेमात एका इन्स्पेक्टरकडे रिव्हॉल्व्हर आहे. कमरेच्या होल्स्टरमध्ये राहणारं फायबरचं, आणि एका प्रवेशात हातात येतं ते धातूचं डमी. दोन्हींतून काहीच उडत नाही. तरीही पेटीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे, आणि नटाच्या हातात देताना चेंबर उघडून आधी स्वतः बघायचं, मग त्याला दाखवायचं, मग सहायक दिग्दर्शकाला. ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’ सिनेमाच्या सेटवर नटाच्या हातातल्या बंदुकीत खरी गोळी निघाली आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. तेव्हापासून पेटीजवळ कुणी घाई केली तर मी सरळ हात मागे घेतो. शॉट थांबला तर थांबला.

सावकाराच्या टेबलावरच्या नोटांचा प्रश्न निघाला. नोटेसारखं दिसणारं काही छापणं हा गुन्हा आहे. तेव्हा बंडलात वर आणि खाली खरी नोट, मध्ये मापात कापलेला कोरा कागद, आणि कडांना चहाचं पाणी. पंचाहत्तरच्या नोटा नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडून भाड्यानं मिळतात. नोटबंदीच्या थोडी आधीची गोष्ट असेल तर जास्त अडचण येते. २०१७च्या कायद्यानं जुन्या पाचशे-हजारच्या मिळून दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगता येत नाहीत. संग्राहकांना आणि अभ्यासकांना पंचवीसपर्यंत सूट. म्हणजे २०१२ सालच्या गोष्टीतली लाखाची थैली दाखवायची तर त्या मोजक्या नोटा आलटून-पालटून वर ठेवाव्या लागतात, आणि दिग्दर्शकाला सांगावं लागतं की थैली उलटी करू नका.

सकाळी साडेअकरा

ग्रँट रोडला उतरून चालत मटण स्ट्रीट, जुन्या वस्तूंचा बाजार. इथली दुकानं अकराच्या आधी नीट उघडत नाहीत, म्हणून सकाळ गोडाउनला काढायची. आज हवाय पितळी पंपाचा स्टोव्ह. शोभेचा नाही, पेटणारा.

ओळखीच्या दुकानदाराने तीन स्टोव्ह काढून ठेवले होते. पहिला घासून लख्ख केलेला, हॉटेलात मांडायला नेतात तसा. तो बाजूला ठेवला. दुसऱ्याचा पंप ओढला तर हवाच भरेना. आतला चामड्याचा वॉशर वाळून लाकूड झालेला. तिसरा हातात घेतला आणि मला कळलं की हा घरातला आहे. टाकी काळवंडलेली, पण पंपाची मूठ आणि हवा सोडायची चावी पिवळीधमक, रोजच्या बोटांनी उजळलेली. तीन पायांपैकी एक किंचित वाकलेला. बर्नरखालच्या वाटीत काकड्याची जळकी खूण. कुणीतरी बाई यावर पंचवीस-तीस वर्षं चहा करत होती.

जुनेपण असं येतं. वापरातली वस्तू सगळीकडून सारखी मळत नाही. जिथे हात लागतो तिथे ती उजळते किंवा झिजते, जिथे हात पोचत नाही तिथे काजळी धरते. कपाटाच्या खणाची मूठ, काठीचा वरचा वाकडा भाग, डायरीचा खालचा उजवा कोपरा, पोळपाटाचा मध्य. या धंद्यात नवीन आलेली मुलं वस्तू जुनी करायची म्हटलं की मुलतानी माती आणि काळा रंग सरसकट फासतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला कळतं. मी मुलांना आधी विचारतो, ही वस्तू कोण वापरतं, उजव्या हाताने की डाव्या? ते ठरल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही.

स्टोव्ह घेतला. नवा वॉशर तेलात भिजवून बसवीन. सोमवारी नायिकेला तो पेटवायला शिकवायचं आहे. ती मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, तिने गॅसशिवाय काही पाहिलेलं नाही. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरभोवती लावायचा, पेटवायचा, बर्नर तापेपर्यंत थांबायचं, मग पंप. ज्योत पिवळी आली तर घाई झाली, निळी आली तर बरोबर. मध्येच छिद्र तुंबलं तर पिन मारायची. हे थांबणं तिच्या अंगात यायला हवं. काकडा जळत असताना त्या काळातली बाई स्वस्थ बसत नसे, तेवढ्यात कप काढी, चहाची पूड बघी. ती हालचाल संहितेत लिहिलेली नाही. स्टोव्ह खरा असेल तर ती आपोआप होते.

निघताना टोपलीतल्या सुट्या किल्ल्यांतून तीन जड पितळी किल्ल्या वेगळ्या काढल्या. त्या नाटकासाठी, निळ्या वहीत लिहिल्या.

तांबाकाट्याला दोन पितळी पातेल्यांना कल्हई लावून घेतली. एका प्रवेशात खरीखुरी आमटी उकळणार आहे आणि युनिटमधली माणसं ती खातील. बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवून कुणाला देणार? नवसागराचा धूर, वर फिरणारं कथील, कापसाने आतून पुसलेला चंदेरी रंग. हा कारागीर आता शोधावा लागतो. त्याने पातेल्याचा बाहेरचा भागही चकचकीत करायला घेतला, तेव्हा त्याचा हात धरून थांबवला.

दुपारी तीन

दादर. सिनेमाचं सामान टॅक्सीने गोरेगावला रवाना केलं आणि लाल वही पिशवीत खाली ढकलली. आमच्या आधी साडेतीनचा प्रयोग दुसऱ्या संस्थेचा आहे. स्टेज सव्वासहाशिवाय हातात येणार नाही. आमचा टेम्पो येऊन उभा होता. टेम्पोवाले मामा सीटवर आडवे झाले होते. मी मागे ट्रंकेवर फळी टाकली आणि पत्र लिहायला बसलो.

नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात आजीचं जुनं पत्र सापडतं. सून ते वाचते आणि फाडते. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला नवं पत्र. अंतर्देशीय पोस्टात अडीच रुपयांना मिळतं, पण त्यावरचा मजकूर मी दर वेळी शाईच्या पेनाने पूर्ण लिहितो. नटीला शब्द पाठ आहेत, कागद कोरा असला तरी ती म्हणेल. पण कोऱ्या कागदावर डोळे एका जागी थिजतात. ओळी असल्या की डोळे ओळीवरून सरकतात, एका शब्दाशी अडखळतात, मागे जातात. आजीचं अक्षर मी ठरवलेलं आहे. चौथीपर्यंत शिकलेली बाई, ‘र’ मोठा काढते, ओळ शेवटाकडे वर चढते, पुढे जागा संपेल म्हणून शेवटच्या ओळी बारीक आणि समासात आडव्या. त्या आडव्या ओळींसाठी सुनेला कागद फिरवावा लागतो. तालमीत पहिल्यांदा तिने कागद फिरवला तेव्हा दिग्दर्शक सर खुर्चीतून उठले आणि तो कागद फिरवणं नाटकात कायम झालं.

हे पत्र तालमीच्या तिसऱ्या दिवशी मिळालं होतं, म्हणून झालं. एरवी काय होतं? महिनाभर तालीम चालते आणि नटांच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली असते. ती कधी फोन होते, कधी दिवा, कधी देवाची मूर्ती. खरी वस्तू शुभारंभाच्या दोन दिवस आधी येते, आणि तोवर नटाच्या हाताला बाटलीची सवय झालेली असते. मग समई उचलायची तरी माणूस बाटली उचलतो. कंदील, तलवार, तान्हं बाळ, सगळ्यांचं वजन एकच. रिकामी सुटकेस घेऊन गावाहून येणारा मुलगा आपण किती नाटकांत, किती मालिकांत बघतो! खांदा झुकत नाही, पावलाला ओझं नाही, आणि मग त्याने कितीही दमल्याचं सांगितलं तरी ऐकणाऱ्याला ते पटत नाही. माझ्या सुटकेसमध्ये जुनी मासिकं भरलेली असतात, सात-आठ किलो. कपात चहा असतो, गरम. सुरुवातीला नट कुरकुरतात, नंतर तेच मागतात.

संध्याकाळी सव्वासहा

त्यांचा पडदा पडला. टाळ्या संपायच्या आत त्यांच्या कामगारांनी पहिला फ्लॅट, म्हणजे सेटची भिंत, सुटा केला होता. आमच्याकडे पावणेदोन तास, त्यातले पाऊण तास स्टेज दोघांचं. त्यांचा सोफा बाहेर जातोय, आमचा झोपाळा आत येतोय, वर प्रकाशवाला शिडीवर चढून स्पॉट फिरवतोय. या वेळात कुणी कुणावर ओरडत नाही. ज्याच्या हातात जड वस्तू त्याला वाट द्यायची, एवढाच नियम. फ्लॅट उभे राहिले, मागून ब्रेस लागले, ब्रेसवर वजनं ठेवली गेली, दरवाजा उघडून-मिटून पाहिला. मग झाडू, मग ओला फडका. मगच मी स्टेजवर जातो.

आधी खुणा. जमिनीवर चुन्याच्या नाही, टेपच्या. टेबलाचे चार पाय, खुर्चीचे दोन, आणि अंधारात बदलायच्या वस्तूंना चमकणारा रेडियम टेप, नखाएवढा. मोठा लावला तर पहिल्या रांगेला दिसतो.

मग विंगेतली दोन टेबलं, एक डावीकडे, एक उजवीकडे. टेबलावर खाकी कागद पसरलेला, त्यावर प्रत्येक वस्तूचा आकार मार्करने काढून खाली नाव आणि प्रवेश लिहिलेला. काठीच्या जागी काठी, औषधाच्या जागी औषध. कागदावर एखादा आकार मोकळा दिसला की ती वस्तू आत्ता स्टेजवर आहे किंवा हरवली आहे, आणि यातलं कोणतं ते मला ठाऊक असलं पाहिजे. वस्तू नटाने ज्या हाताने उचलायची त्या बाजूला मूठ. उजव्या विंगेतून येणाऱ्या नटाला डाव्या टेबलावरची वस्तू कधी द्यायची नाही, ती आधी फिरवून पलीकडे आणायची. म्हणून मध्यंतरापर्यंत मी मागच्या काळ्या पडद्याआडून सारखा येरझाऱ्या घालत असतो.

कॅन्टीनमध्ये शिरा शिजला. बाटलीत व्हिस्कीच्या रंगाचा कोरा चहा भरला, दोनदा गाळून, गार करून. दुसऱ्या अंकात मुलगा पितो. सोडा असलेलं काही देत नाही, ढेकर येते. दारू हा मराठी नाटकातला जुना विषय. गडकऱ्यांच्या १९१९च्या ‘एकच प्याला’त तर हातातली वस्तूच नाटकाचं नाव झाली. तो प्याला सुधाकराच्या हातात पहिल्यांदा जातो तेव्हा तो कसा धरतो आणि शेवटाकडे कसा धरतो, यात सगळं नाटक आहे, असं मला नेहमी वाटतं. आमच्या नाटकातल्या मुलाला मी ग्लास जाड बुडाचा दिला आहे. टेबलावर ठेवताना तो वाजतो, आणि आतल्या खोलीतल्या बायकोला तो आवाज ऐकू येतो, हे नाटकाला हवं आहे.

सात वाजता आमच्या ज्येष्ठ ताई मेकअपला बसायच्या आधी विंगेत आल्या. गेल्या प्रयोगानंतर त्या म्हणाल्या होत्या, “किल्ल्या हलक्या वाटतात रे. कमरेला आहेत हेच विसरायला होतं.” सकाळच्या तीन किल्ल्या जुडग्यात घातल्या होत्या. त्यांनी जुडगा कमरेला खोचला, चार पावलं टाकली, वळल्या, पुन्हा चार पावलं. काही बोलल्या नाहीत. जुडगा परत न देता तसाच घेऊन मेकअपला गेल्या.

रात्री आठ

पहिली घंटा. नटराजाला हार, उदबत्ती, सगळे एकमेकांच्या पाया पडले. दुसरी. मी दोन्ही टेबलं बोट लावून मोजली; नुसत्या डोळ्यांनी मोजत नाही, बोट लावतो. तिसरी घंटा, घोषणा, पडदा.

प्रयोग सुरू झाला की मला नाटक दिसत नाही. मला हात दिसतात. विंगेतून आत येणाऱ्याचा रिकामा हात, बाहेर जाणाऱ्याचा भरलेला हात. आजोबा काठी कुठल्या खुर्चीला टेकवतात यावर लक्ष. कारण काठी घसरली तर मधल्या अंधारात ती पायात येणार.

दोन प्रवेशांच्या मधला ब्लॅकआउट वीस सेकंदांचा. तेवढ्यात न्याहारीचं टेबल रात्रीचं करायचं. मी आणि मदतीला असलेला मुलगा, दोघांनी काळे कपडे घातलेले, पायात चप्पल नाही. तो ट्रे उचलतो, मी टेबलक्लॉथ ओढतो, खालचा दुसरा आधीच अंथरलेला असतो. औषध, तांब्या, चष्मा. रेडियमच्या तीन ठिपक्यांवर तीन वस्तू. बाहेर. हे काम सोपं करायला रंगभूमीने काय काय केलं नाही! १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आलं ते फिरत्या रंगमंचावर. प्रेक्षकांसमोर एक प्रवेश चाललेला असताना मागच्या बाजूला पुढचा लागत असे. ते यंत्र चालवणाऱ्या, मागची बाजू दर वेळी बिनचूक मांडणाऱ्या माणसांना मी मनातल्या मनात फार मानतो. गावोगावच्या नाट्यगृहांत, दौऱ्यावर, ते सगळं उभं करून पुन्हा मोडायचं होतं.

पहिल्या अंकाच्या शेवटी ताईंच्या हातून कप पडतो आणि फुटतो. प्रेक्षक दर वेळी दचकतात. खऱ्या चिनी मातीचा कप वापरला तर बारीक कपच्या लांबवर उडतात, आणि दुसऱ्या अंकात नात अनवाणी येते. म्हणून कप धारावीच्या कुंभारवाड्यातून करून आणतो, कमी भाजलेले, वर पांढरा रंग आणि निळी वेल. ते तीन-चार मोठ्या तुकड्यांत फुटतात. पण कच्च्या मातीचा आवाज बोजड येतो. तो आवाज विंगेतून द्यावा लागतो: पत्र्याच्या डब्यात फुटक्या बशांचे तुकडे, तोंडाला फळी ठोकलेली, आणि तो डबा कप जमिनीला लागतो त्याच क्षणी आपटायचा. वाक्यावर भरवसा ठेवून चालत नाही. ताई कधी ‘नाही’ म्हणतात आणि मग कप सोडतात, कधी ‘नाही’ म्हणायच्या आधीच सोडतात, त्या दिवशी त्यांना जे वाटेल तसं. मी त्यांची करंगळी बघत असतो. सोडायच्या आधी ती कपाच्या कानातून सुटते, मग बाकीची बोटं. करंगळी सुटली की माझा डबा वर जातो. आज ‘नाही’च्या बऱ्याच आधी सुटली, आणि ताई फुटक्या कपाकडे बघत ‘नाही’ म्हणाल्या, इतक्या हळू की मला विंगेत जेमतेम ऐकू आलं. पडदा.

मध्यंतरात लोक बटाटेवड्याकडे वळले आणि आम्ही तुकड्यांकडे. मोठे हाताने, बारीक ओल्या फडक्याने, मग मी स्वतः अनवाणी त्या जागेवर चालून बघतो.

दुसरा अंक. शिरा गेला, तिसऱ्या घासाला काका बोलले. व्हिस्की गेली, ग्लास वाजला. पत्र. सुनेने कागद फिरवला तेव्हा शिवाजी मंदिर गप्प होतं. अशा वेळी मला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवतं. १९६७चं नाटक, सगळा अंगावर येणारा खटला संपतो, माणसं निघून जातात, आणि सामंत बेणारेजवळ एक हिरवा कापडी पोपट ठेवतो. तेंडुलकरांनी एवढ्या मोठ्या नाटकाचा शेवट एका खेळण्यावर ठेवला. पोपट ठेवणारे हात दोन सेकंद बरोबर थांबले पाहिजेत. पोपट फार गुळगुळीत असेल, दुकानातल्यासारखा कडक असेल, तर ते हात थांबत नाहीत.

रात्री पावणेअकरा

सेट उतरायला लागला. वस्तू आधी मोजायच्या, मग धुवायच्या, मग पुसून भरायच्या. ओली वस्तू ट्रंकेत जात नाही. खाकी कागदावरचे सगळे आकार भरले की कागदाची गुंडाळी. फाडलेल्या पत्राचे तुकडे वेचून पिशवीत, नाहीतर उद्या कुणाच्या तरी चपलेखाली ते पुण्याला बालगंधर्वच्या स्टेजवर पोचतील आणि पहिल्या अंकात दिसतील. पत्र तर दुसऱ्या अंकात सापडायचं आहे.

टेम्पोत जे शेवटी चढतं ते आधी उतरतं. म्हणून लेव्हल्स आणि फ्लॅट आत, ट्रंका मागे. कपांचं खोकं मामांच्या शेजारी, केबिनमध्ये.

संस्थेचे व्यवस्थापक आजची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, घेऊन आले. पाकीट देताना म्हणाले, “बुधवारपासून नव्या नाटकाच्या तालमी. कोकणातलं घर आहे, जुनं. तू शेवटच्या आठवड्यात ये, तेव्हा यादी फायनल होईल.”

“यादी कशाला? संहितेत दाराला कुलूप आहे ना? आणि कंदील?”

“आहे. पण अजून सेटचाच पत्ता नाही.”

“सेट नसू दे. नायक पंधरा वर्षांनी घर उघडतो, ते कुलूप त्याच्या हाताला पहिल्या दिवशीच लागलं पाहिजे. सहजी उघडणारं नको. बुधवारी घेऊन येतो.”

“भाडं कोण देणार महिनाभराचं?”

“कुलूप माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “कंदिलाचं तेवढं बघा.”

ते हिशेबाच्या वहीत काहीतरी लिहीत गाडीकडे गेले. मामांनी इंजिन सुरू केलं. मी निळी वही काढून बुधवारच्या पानावर दोन्ही वस्तू लिहिल्या आणि कंदिलापुढे काच, वात, रॉकेल असं जोडलं.